दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी वायफाय चालतंय का ते बघा

भांडुपची लेक
14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, तेव्हापासून ओळखीतला जो तो सांगत होता की जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स ही फुकट प्रणाली टाका. बाबांच्या मशीनला विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नाही, म्हणजे विंडोज 11 चा प्रश्नच मिटला. भाच्याचा मित्र रविवारी आला, तासाभरात सगळं पुसून लिनक्स टाकून गेला. तो गेल्यावर बघतो तर वायफायचं चिन्हच नाही. लॅपटॉप पातळ, केबल लावायला जागा नाही. जिथे विचारलं तिथे एकच उत्तर, ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम, नेटवरून घ्या. नेट कुठून आणायचं?
बाबांना फोनचा पडदा दिसत नाही, म्हणून नागपूरच्या आत्याशी ते लॅपटॉपवरूनच बोलतात. चार दिवस ते बोलणं बंद होतं. ज्याला आतली चिप ओळखता येत नाही त्याने दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, असं माझं ठाम मत झालंय.

टर्मिनलवाला
ताई, त्रास झाला हे खरं, पण तुमचं मत मला पटत नाही. चिप बनवणारा ड्रायव्हर खुला करत नसेल तर तो दोष लिनक्सचा नाही आणि त्या मुलाचाही नाही. इंटेलच्या बहुतेक वायफाय चिपांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, त्या लावल्या लावल्या चालतात.
आणि नेट नव्हतं असं कसं? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला वाटतं केबलचं इंटरनेट आलं. मग मिंट हा लिनक्सचा प्रकार असेल तर त्यात ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो स्वतःच योग्य ड्रायव्हर सुचवतो. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी चालतं मशीन भंगारात घालायचं का?

गोरेगाव पूर्व
दहा मिनिटं तुमची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला टेदरिंग हा शब्द कोण सांगणार? दोष कोणाचा हे ठरवून त्यांचं आत्याशी बोलणं होत नाही. मी आमच्या सोसायटीत सहा लॅपटॉप बदलून दिले, प्रत्येक वेळी आधी लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच चालवून वायफाय जोडून पाहिलं. त्यात डिस्कला हात लागत नाही. एका मशीनवर जोडलं गेलं नाही, ते मी तसंच परत दिलं.

मुक्तस्रोत
ते परत देणं मला चुकीचं वाटतं. लाइव्हमध्ये वायफाय नाही दिसलं म्हणजे कधीच चालणार नाही असं नसतं. बंद ड्रायव्हर लागणाऱ्या चिपा अनेकदा इन्स्टॉल केल्यावर, ड्रायव्हर घातला की सुरू होतात. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की चिपचं नाव कळतं, मग त्या नावाने शोधायचं. हे लाइव्हमध्येही करता येतं.
मला स्वतःला बंद फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा पण कोड खुला नसलेला प्रोग्राम, आवडत नाही, हेही सांगतो. पण खुल्या सॉफ्टवेअरबाबत हट्टी असलेल्या डेबियन या लिनक्स प्रकल्पानेसुद्धा 2022 साली मतदान घेऊन नियम बदलला आणि 2023 च्या डेबियन 12 पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेट मिळालंच पाहिजे, यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

ग्रँट रोड पश्चिम
एवढं करण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडला जाऊन यूएसबी वायफाय डोंगल घ्या. मात्र खोक्यावरच्या मॉडेल नंबरवर विसंबू नका. तोच नंबर, पण पुढच्या आवृत्तीत आतली चिप वेगळी, असं सर्रास होतं. चिपचं नाव विचारा. मीडियाटेकची एमटी7612यू असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. दुकानदाराला सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

भांडुपची लेक
टेदरिंग काल रात्री केलं, नेट आलं. ड्रायव्हर टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, तरी वायफाय नाहीच. मध्येच एक निळा पडदा आला होता, तिथे मी कंटिन्यू दाबलं.

टर्मिनलवाला
तिथेच अडलं. तुमच्याकडे सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू आहे. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवरची सही मशीनला ओळखीची नसेल तर कर्नल तो घेत नाही. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. निळ्या पडद्यावर एनरोल मोक, म्हणजे ती सही मशीनच्या ओळखीची करून घेण्याचा पर्याय, निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा एकदाच येतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

गोरेगाव पूर्व
बघा, ही तुमची दहा मिनिटं. हा निळा पडदा बाबांसमोर आला असता तर?

टर्मिनलवाला
मान्य. टाकणाऱ्याने निदान तो पडदा पार होईपर्यंत थांबायला हवं होतं. पण हात लावूच नये हे मला अजून मान्य नाही.

भांडुपची लेक
वायफाय आलं. आत्याला फोन लावलाय, दोघं बोलतायत. त्या मुलाला मी पुन्हा बोलावणार आहे, बाबांच्या मित्राचाही लॅपटॉप आहे. यावेळी पेनड्राइव्ह लावून चिप बघेपर्यंत काही पुसायचं नाही, हे आधीच सांगणार.