हात बसायला हवाच, पण कुणाच्या हातावर?

जतची लेक:
वडील आठवड्यातून दोनदा एसटीने सांगलीला डायलिसिसला येतात. गेल्या महिन्यात नवीन सिस्टरकडून सुई शिरेतून पलीकडे गेली. मशीन सुरू झालं आणि बघता बघता कोपराखाली लिंबाएवढा फुगवटा आला. रात्रीपर्यंत हात मनगटापर्यंत काळानिळा. हा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेली हातातली शीर, तयार व्हायला आम्ही दोन महिने थांबलो होतो. तो बंद पडला असता तर परत मानेत कॅथेटरची नळी. सिस्टरवर राग नाही, तिलाही रडू आलं. माझं म्हणणं एवढंच, सोनोग्राफीत शीर बघून सुई लावायला शिकवा, आणि आधी नकली हातावर शिकवा.

वीस वर्षं टेक्निशियन:
ताई, ऐकून वाईट वाटलं, पण पटत नाही. फिस्टुला बोटांनी ओळखायचा असतो. हात ठेवला की थरथर लागते, ती कुठे मंदावते ते कळतं. पडद्याकडे बघत शिकणाऱ्याची बोटं तयार होत नाहीत. शिवाय सोनोग्राफी म्हटलं की १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा, नोंदणी, तपासण्या. पाच बेडच्या युनिटने हे कसं निभवायचं?

मिरजेची सिस्टर:
बोटांचं खरं आहे, सर. पण शीर खोल असली, फिस्टुला नवा असला की बोटंही फसतात. आणि सरावाशिवाय नुसतं यंत्र हातात देणं तर जास्त धोक्याचं. पडद्यावर शीर आडव्या छेदात धरली की सुईचा फक्त पांढरा ठिपका दिसतो. तो टोकाचाच असेल असं नाही, मधला भागही तसाच दिसतो. तोवर टोक पलीकडची भिंत फोडून गेलेलं असतं. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, सरकवत टोकाच्या मागे जायला हात बसावा लागतो. मी चिकनच्या तुकड्यात रबरी नळी घालून, तिच्यात लाल पाणी भरून शिकले. पहिल्या दिवशी दहा-बारा वेळा नळी आरपार भोसकली. नळीच्या जागी हात असते तर ते कुणाचे असते? यंत्र हॉस्पिटलचं, नोंदणी केलेलंच होतं, रेडिओलॉजीचे डॉक्टर शेजारी उभे होते.

डायलिसिसवाला, तासगाव:
मला आठवड्याला चार सुया, वर्षाला दोनशेच्या वर. चिकनवर शिका, भोपळ्यावर शिका, पण माझ्यावर नको.

वीस वर्षं टेक्निशियन:
रबरी नळी थरथरत नाही, सिस्टर. तिच्यावर शिकलेल्या मुलीला फिस्टुला बंद पडतोय हे हात लावून कळेल का? त्यापेक्षा महिनाभर जुन्या माणसाच्या शेजारी उभं करा.

जतची लेक:
दादा, शेजारी उभं राहायला तेवढी माणसं आहेत का? त्या दिवशी सिस्टरच्या शेजारी कुणीच नव्हतं.