लहान कारखान्यालाही परवडतं
सतत सुधारणा हे मोठ्या कंपन्यांचं काम, असं म्हणतात. मला नाही पटत. टोयोटानं कामगारांच्या सूचना घ्यायला १९५१ मध्ये सुरुवात केली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी ती कंपनी बुडता बुडता वाचली होती.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात आहे. पावसाळ्यात कास्टिंगला (ओतून बनवलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे आत पोकळ छिद्रं, यायचे आणि आम्ही धातू तपासत बसायचो. मोल्डिंगवरच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या, मामांनी मूठभर वाळू दाबून दाखवली, ओल जास्त होती. गरम लोखंड ओततानाच त्या ओलीची वाफ होते आणि आत अडकते. आता प्रत्येक पाळीत ओल मोजून फळ्यावर लिहितो. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, खूप उतरलं. उघड्यावरची वाळू शेडखाली घ्यायलाही मामांनीच लावलं, कुणी न विचारता.