मदत हवी आहे: पांढऱ्या रंगातून गंजाचे डाग परत परत वर येताहेत

नमस्कार मंडळी,

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. जुनं कौलारू. पावसाबद्दल इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात आतलं सगळं लाकूडकाम रंगवून घेतलं: दारांच्या चौकटी, खिडक्या, माजघरावरची तक्तपोशी. घरात लहान मूल आहे, वासाचा त्रास नको म्हणून पेंटरनं पाण्यात मिसळणारा इनॅमल सुचवला. जुना रंग घासला, खिळ्यांच्या खड्ड्यांत भिंतीची पुट्टी भरली आणि वर पांढरा इनॅमल. मे महिन्यात घर असं उजळलं की सासूबाईंनी शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं.

मिरग लागला आणि एकेका खिळ्याच्या जागी तांबूस ठिपका उमटायला लागला. आधी मोहरीएवढा, मग पसरून रुपयाएवढा. खिडक्यांचं तर विचारू नका. लोखंडी गज जिथं खालच्या लाकडात शिरतात तिथून चहाच्या रंगाचे ओघळ उतरलेत. मागच्या दाराच्या चौकटीवरचे डाग मात्र तांबूस नाहीत, काळपट निळे आहेत. ते का, तेही कळेना.

पेंटरला बोलावलं. त्यानं घासून वर अजून एक हात मारला. डाग परत आले. आता म्हणतो, लाकूडच तसलं आहे, आणखी दोन हात मारले की दबतील. खरंच दबतात का? की सगळा रंग खरवडून काढावा लागेल? गणपती तोंडावर आलेत, त्याआधी निदान देवघराच्या खोलीचं काही करता येईल का?

निपाणीकर

रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा तांबडा प्रायमर मारा आणि वरून ऑइल पेंट. आमच्याकडं सगळे हेच करतात. विषय संपला.

वडगावचा सुतार

वहिनी, हात कितीही मारा, दबणार नाही. डाग रंगाच्या वरून पडलेला नाही, खालून येतोय.

होतं काय ते सांगतो. पाण्यातला रंग ओला असताना त्यातलं पाणी खिळ्याच्या उघड्या डोक्याला लागतं. लोखंड तिथंच गंजायला लागतं, आणि त्यातला जो अंश पाण्यात विरघळतो तो रंग वाळताना पाण्याबरोबर वर चढतो. वर हवा लागली की तांबूस होऊन बसतो. त्यावर पुन्हा पाण्यातलाच हात मारला म्हणजे खालच्या डागाला नवं पाणी पाजलं. भिंतीची पुट्टी पण पाण्यातच कालवतात, ती लोखंडावर भरायची वस्तूच नाही. त्यात आपल्याकडं जून ते सप्टेंबर लाकूड हवेतली ओल ओढत राहतं, म्हणून मे महिन्यात काही दिसलं नाही. लाकडाला कशाला बोल लावायचा?

सगळा रंग काढायची गरज नाही. डागाची जागा तेवढी धरा. रंगाखाली खिळा नेमका कुठं आहे ते कळत नसेल तर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. खिळा आला की हाताला ओढ लागते.

तिथली पुट्टी कोरून काढा. खिळ्याचं डोकं पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, मग पंच लावून दोन-तीन मिलिमीटर आत ठोका. डोक्यावर बारीक ब्रशनं मेटल प्रायमरचा ठिपका द्या, तो रात्रभर वाळू द्या. झिंक फॉस्फेटचा करडा प्रायमर मिळाला तर तो घ्या. निपाणीकरांचं रेड ऑक्साइड लोखंडापुरतं ठीक आहे, पण पांढऱ्या रंगाखाली ते झाकायला जास्त हात लागतात, आणि लाकडात मुरलेला जुना डाग त्यानं अडत नाही. खड्डा भरायला तेलातली लांबी वापरा, म्हणजे खडूची पूड आणि बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) मळून केलेली पुट्टी. पाण्यातली नको.

आता मुख्य गोष्ट, चपडी लाख. फ्रेंच पॉलिशला वापरतात तीच. लिटरभर स्पिरिटला दोनशे ग्रॅमच्या आसपास चपडी रात्री भिजत घाला, सकाळी हलवून फडक्यातून गाळा. डाग आणि त्याच्या भोवतीची चार बोटं जागा, यावर दोन पातळ हात. तासाभरात वाळते. त्यात पाणी नाही, त्यामुळं डाग तिच्यात विरघळून वर येत नाही. वर तेलातला पांढरा वूड प्रायमर, आणि मग तुमचाच पाण्यातला इनॅमल चालेल. सगळं घर ऑइल पेंटनं परत रंगवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

बेळगाव-टिळकवाडी

काळपट निळ्या डागाचं मी सांगते. ती चौकट ऐन किंवा सागवानाची असणार. अशा लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओलीत ते लोखंडाला भेटलं की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करायचे, तोच प्रकार तुमच्या चौकटीत चाललाय. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह.

रंग काढून लाकूड उघडं केलंत तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं हा काळेपणा बराच उतरतो. पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, मूल घरात नसताना करा, नंतर स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसून नीट वाळवा. कपड्यांचं ब्लीच लावू नका, त्यानं गंज जात नाही, उलट वाढतो. रंगच देणार असाल तर एवढा खटाटोप कशाला, चपडीनं हेही अडतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लोहचुंबक फिरवून बघितलं. बहुतेक डागांखाली खिळा लागला. पण तक्तपोशीच्या एका कोपऱ्यात मोठा पिवळट डाग आहे, कडेला गडद रेघ असलेला, आणि तिथं चुंबक कुठंच ओढत नाही. गजांच्या ओघळांचं काय करू? गज तर आत ठोकता येत नाहीत. आणि गणपतीचं राहिलंच.

वडगावचा सुतार

पिवळट डाग आणि कडेला रेघ म्हणजे वरून गळतंय. कौल सरकलंय किंवा फुटलंय. उघडीप मिळेल त्या दिवशी कोणाला तरी वर चढवून तेवढं कौल बदलून घ्या. तोवर त्या कोपऱ्याला ब्रश लावू नका, आत पाणी असताना वरून कोंडलं तर रंगाला फोड येतील.

गजाचं काम जरा किचकट. गंज चढला की लोखंड फुगतं आणि लाकडाला चिरा पाडतं. बुडाशी नखानं दाबून बघा, लाकूड भुसभुशीत लागलं तर सुताराला दाखवा. घट्ट असेल तर बुडाभोवतीचा रंग आणि गंजाचे पापुद्रे जुन्या स्क्रूड्रायव्हरनं कोरून काढा, वायर ब्रश मारा, दिवसभर वाळू द्या. लोखंडावर मेटल प्रायमर, अगदी फटीत जाईल असा. फट तेलाच्या लांबीनं भरताना गजाच्या बाजूनं बाहेर उतार ठेवा. आपल्याकडं नेमकं उलटं असतं, बुडाशी वाटीसारखा खळगा, आणि झडीचं पाणी त्यातच साचतं. लाकडावरच्या ओघळाला चपडी. गज मात्र ऑइल पेंटनंच रंगवा.

गणपतीआधी देवघराच्या खोलीतले खिळे तेवढे उरका. बाकीचं दिवाळीनंतर. दमट हवेत चपडी लावली तर ती पांढुरकी पडते आणि चिकट राहते, म्हणून या दिवसांत उन्हाची दुपार बघूनच हात घाला. आणि स्पिरिट लगेच पेट घेतं. समई, उदबत्ती, गॅस सगळं बंद करून खिडक्या उघडा.

बेळगाव-टिळकवाडी

एक राहिलं. घर जुनं आहे, खालच्या थरांत शिसं असलेला रंग असू शकतो. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम 2016 मध्ये निघाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. कोरडं घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला साधं फडकं नको, चांगला मास्क लावा. भुगा झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं टिपा. मुलाला त्या दिवशी शेजारच्या काकूंकडं पाठवा.

धागाकर्ती

हे कोणीच सांगितलं नव्हतं, बरं झालं. पेंटरला हा धागा वाचून दाखवला. आधी हसला, मग चपडी कुठल्या दुकानात मिळेल ते स्वतःच सांगितलं. शेवटचा प्रश्न. दारांच्या बिजागऱ्या पण गंजल्यात. स्क्रू काढून तेवढे पितळी बसवले तर चालतील का?

वडगावचा सुतार

लोखंडी बिजागरीला पितळी स्क्रू नकोत. दोन धातू ओलीत एकत्र आले की लोखंडच आधी जातं. बदलायचंच तर बिजागरी आणि स्क्रू दोन्ही पितळी घ्या, नाहीतर दोन्ही स्टेनलेस स्टीलचे. आणि दार खाली उतरवलंच आहे तर बिजागरीच्या खाचेत पण चपडीचा एक हात देऊन टाका.