भीमबेटकाची चित्रं मुलांना रिपीट पॅटर्नमध्ये कशी शिकवायची?

चिंचेचं_बुटुक: नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीत दर रविवारी ७ ते १० वयाच्या ११ पोरांना चित्रकला शिकवते, क्लास वगैरे नाही हो, आपलं असंच. गेल्या वेळी भीमबेटकाचे, म्हणजे मध्य प्रदेशातल्या गुहांमधल्या आदिमानवाच्या चित्रांचे फोटो दाखवले, हरणं, हातात हात घालून नाचणारी माणसं, आणि म्हटलं यातलं एक घ्या नि साडीच्या काठासारखं ओळीत परत परत काढा. पहिलं हरीण मस्त, दुसरं ठीक, तिसऱ्याला पोरं कंटाळली, चौथ्याचा डायनासोर झाला. पट्टीने चौकोन आखून दिले तर चित्रातला जीवच गेला. काय करू?

गेरूवाला: चौकोन नकोतच. बटाट्यावर हरीण कोरायलाही जाऊ नका, पाय तुटतात, अनुभव आहे. जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल कापा आणि स्पंजने रंग थोपटा. आणि पोस्टर कलर कशाला, कुंड्यांना लावतो तो गेरू आणा, भिजवून फडक्यातून गाळा, त्यात डिंकाचं पाणी. डिंक कमी पडला तर वाळल्यावर हाताला लागतो. तिथल्या चित्रांचा लाल रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड आणि गेरूतही तेच, हे सांगितलं की पोरं जाम खूश होतात.

पेठेतली_आजी: गेरू बरोबर, पण स्टेन्सिलने अकरा हरणं अगदी सारखी आली तर मग प्रिंटरच काय वाईट? शिवाय तिथे साडीच्या काठासारखा पॅटर्न नाहीये, वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी एकाच भिंतीवर एकावर एक चित्रं काढलीयेत, तेव्हा "ते लोक असंच करायचे" असं पोरांना सांगू नका बाई. मी काय करेन, नाचणाऱ्यांची रांग घेईन. लांब कागद अंथरायचा, एकेकाने एकच माणूस काढायचा, शेजारच्याचा हात संपला की तिथून आपला सुरू. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने आपलाच माणूस परत. झाला ११ जणांचा तुकडा रिपीट! अंतर वितीने मोजायचं. हरणंच हवी असतील तर एकच मोठं काढून पोटात रेघा नि जाळ्या भरू देत, तिथल्या काही प्राण्यांच्या अंगावर तशी नक्षी आहे.

लाल_डबा: गोष्टही सांगा की. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी ही जागा शोधली, आपला मराठी माणूस. २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. कोकणातली उक्षी, कशेळीची कातळशिल्पं पण दाखवा, फक्त ती जांभ्यात कोरलेली आहेत, रंगवलेली नाहीत, तिथे गल्लत नको.

चिंचेचं_बुटुक: आजी, काल रांग केली! भारी मजा आली, पण वितीने घोळ घातला, दहा वर्षांच्या पोराची वीत केवढी नि सात वर्षांच्या पोरीची केवढी, माणसं कुठे चिकटली, कुठे हात ताणून ताणून लांबडे झाले. पुढच्या वेळी सगळ्यांसाठी एकाचीच वीत धरणार. कोणाची, यावर आत्तापासून भांडण चालू आहे. आणि हो, बाराव्या जागी डायनासोर आहेच.