वायरलेसचे बटण दाबताच तापमानाचा आकडा उडतो : कनेक्टरपाशी शील्ड कशी जोडावी?

मिरकरवाडा_बोर्ड

नमस्कार. रत्नागिरीत माझे छोटे वर्कशॉप असून मासेमारी नौकेच्या बर्फाच्या खणातील तापमान केबिनमध्ये दाखवणारा एक बोर्ड मी तयार केला आहे. खणात पीटी-१०० सेन्सर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा), तेथून नऊ मीटरची शील्ड (बाहेरचे विद्युत अडथळे रोखणारी धातूची जाळी) असलेली तीनतारी केबल, केबिनमध्ये पावडर कोटिंग केलेली ॲल्युमिनियमची पेटी आणि पेटीच्या भिंतीवर धातूचा गोल कनेक्टर, अशी रचना आहे. शील्डची जाळी पिळून तिची सहा सेंटिमीटरची तार मी कनेक्टरच्या चौथ्या पिनेला जोडली असून ती पिन आत बोर्डच्या ग्राउंडला जाते.

वर्कशॉपमध्ये सर्व काही व्यवस्थित चालते. मात्र नौकेवर तांडेल व्हीएचएफ सेटचे, म्हणजे वायरलेसचे, बोलण्याचे बटण दाबतो, तेव्हा आकडा सुमारे सात अंशांनी वर जातो, बटण सोडेपर्यंत तेथेच स्थिर राहतो आणि सोडताच खाली येतो. अँटेना पेटीपासून साधारण तीन मीटरवर आहे. मासळीचा दर तिच्या ताजेपणावर ठरतो. ज्या आकड्यावर विसंबून बर्फ घालायचा, तोच खोटा निघाला तर या यंत्राचा उपयोग काय? नारळी पौर्णिमेनंतर आणखी चार नौकांवर हे बसवायचे आहे. अधिक दाट जाळीची महाग केबल घ्यावी, की दोष कनेक्टरपाशी आहे?

खाडीकाठ

केबलवर खर्च करू नका. आपल्या वर्णनातच दोषाची जागा सांगितलेली आहे आणि ती म्हणजे सहा सेंटिमीटरची ती पिळलेली तार. सरळ तारेचे इंडक्टन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला अडवण्याचा तिचा गुण, ढोबळमानाने दर सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरतात, म्हणजे आपल्या तारेचे ६० झाले. सागरी व्हीएचएफचे १६ क्रमांकाचे चॅनेल १५६.८ मेगाहर्ट्झवर असते आणि त्या वारंवारितेला ६० नॅनोहेन्री म्हणजे जवळजवळ ६० ओहमचा अडथळा होतो. मल्टिमीटरवर शून्य ओहम दाखवणारा हा सांधा रेडिओ लहरींच्या दृष्टीने जवळपास तुटलेलाच आहे.

त्याहून मोठी चूक ती चौथी पिन करते. शील्डवर गोळा झालेला प्रवाह पेटीच्या बाहेरच पेटीच्या धातूत उतरायला हवा. आपण त्याला पिनेवरून थेट बोर्डच्या ग्राउंडमध्ये, म्हणजे घराच्या माजघरात, आणून सोडत आहात. ध्वनियंत्रणेच्या क्षेत्रात हाच दोष ‘पिन एकचा दोष’ म्हणून ओळखला जातो आणि ध्वनिअभियंता नील मन्सी यांनी १९९५ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली होती.

आकडा थरथरत न राहता स्थिर का राहतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. हे सेट एफएम पद्धतीचे, म्हणजे आवाजानुसार लहरीची वारंवारिता बदलणारे, असल्याने बोलताना लहरीची उंची बदलत नाही. ॲम्प्लिफायरच्या प्रवेशापाशी असलेले अर्धवाहक सांधे डायोडप्रमाणे वागून तिचे एका ठरावीक डीसी व्होल्टेजमध्ये रूपांतर करतात. पीटी-१०० मधून १ मिलिॲम्पिअर प्रवाह जात असेल तर एका अंशाला ०.३८५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे सात अंशांची उडी घडवायला २.७ मिलिव्होल्ट पुरतात. २५ वॉटच्या सेटपासून तीन मीटरवर क्षेत्राची तीव्रता सुमारे १२ व्होल्ट प्रति मीटर असते. उपकरण रेडिओ लहरींपुढे टिकते का हे तपासणाऱ्या आयईसी ६१०००-४-३ या मानकातील तिसरी पातळी १० व्होल्ट प्रति मीटरची आहे, त्यामुळे आपली नौका ही एक कडक चाचणीच आहे असे समजा.

पेटी उघडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. सेट १ वॉटवर ठेवून बटण दाबा. शक्ती २५ पटींनी घटल्यावर उडीही तेवढ्याच पटीने, म्हणजे ०.३ अंशापर्यंत, घटली तर कारण वर सांगितलेलेच आहे. नंतर अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे लहरी बाहेर न सोडता शक्ती जिरवणारा रोधक, लावा. तरीही उडी राहिली तर मात्र त्रास बॅटरीच्या तारांवरून येत आहे आणि कनेक्टरला दोष देणे व्यर्थ ठरेल.

उपाय असा, की जाळी न पिळता तशीच ठेवून कनेक्टरच्या धातूच्या मागील कवचात चारही बाजूंनी दाबली जाईल असा क्लॅम्प असलेला बॅकशेल वापरावा, आणि चौथी पिन रिकामी सोडावी. आत येणाऱ्या तिन्ही तारांना कनेक्टरच्या अगदी लगत प्रत्येकी १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर पेटीच्या धातूशी जोडावा, व त्यानंतर बोर्डच्या दिशेने फेराइट बीड (रेडिओ लहरींना अडवणारा चुंबकीय मणी) घालावा. कपॅसिटरचे पाय लांब ठेवल्यास पुन्हा तीच तारेची गोष्ट होईल.

देवगड_दुरुस्ती

वरील उत्तर योग्य आहे, परंतु समुद्रावर त्यात एक अडचण आहे. पावडर कोटिंग हे विद्युतरोधक असते. कनेक्टरची चकती रंगावर बसलेली असेल तर बॅकशेल कितीही उत्तम घेतला तरी तो पेटीला जोडला जात नाही. ॲनोडाइझ केलेल्या पृष्ठभागाचेही तसेच. भोकाभोवतीचा रंग चकतीच्या आकारापुरता काढून तेथे क्रोमेट प्रक्रिया (ॲल्युमिनियमवर गंजरोधक पातळ थर देणारी रासायनिक प्रक्रिया) करून घ्यावी, कारण तो थर विद्युतवाहक राहतो.

एवढे केल्यावर खरी लढाई खाऱ्या हवेशी असते. उघडे ॲल्युमिनियम आणि पितळ किंवा स्टेनलेस स्टील यांच्यामध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी साचते आणि पहिल्या वर्षी उत्तम चालणारा सांधा दुसऱ्या पावसाळ्यात निकामी होतो. म्हणून धातूवर धातू घट्ट आवळल्यानंतर सांध्याची बाहेरची कड सिलिकॉनने बंद करावी. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन कटाक्षाने टाळावे. ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि जे वाचवायचे तेच खाते. न्यूट्रल प्रकारचे मागून घ्यावे. तांब्याची जाळी दिव्याच्या वातीसारखे पाणी ओढते, त्यामुळे खणाकडील टोक गोंदाचा थर असलेल्या श्रिंक स्लीव्हने बंद करणे आवश्यक आहे.

वेंगुर्ले_सर्किट

शील्ड एकाच टोकाला जोडावी, असे आपल्यापैकी अनेकांनी शिकलेले असते. ५० हर्ट्झच्या गुणगुणीसाठी तो सल्ला बरोबर आहे. येथे तरंगलांबी १.९ मीटर आणि केबल नऊ मीटरची असल्यामुळे मोकळे सोडलेले टोक अँटेनाचेच काम करते, म्हणून सेन्सरच्या धातूच्या आवरणाकडील बाजूही जोडावी असे मी म्हणेन. फक्त ती थेट न जोडता १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून जोडावी. थेट जोडल्यास बॅटरीचा चुकार डीसी प्रवाह शील्डमधून वाहू लागतो आणि ओल्या खणात त्यामुळे धातू झपाट्याने गंजतो.

मिरकरवाडा_बोर्ड

सर्वांचा आभारी आहे. १ वॉटवर उडी पाव अंशाच्या आसपास आली आणि डमी लोड लावल्यावर ती पूर्ण थांबली, त्यामुळे निदान पक्के झाले. भोकाभोवतीचा रंग काढून बॅकशेल बसवला व चौथी पिन तोडली, एवढ्यावरच २५ वॉटला उडी सात अंशांवरून अर्ध्या अंशावर आली. कपॅसिटर आणि बीड घातल्यानंतर आकडा हललेला मला दिसलेला नाही. सेन्सरकडील कपॅसिटर अजून बसवलेला नाही. रंग काढलेल्या जागेवर सध्या क्रोमेट प्रक्रिया झालेली नाही, कारण येथे ते काम करणारे कोणी मिळाले नाही. उरलेल्या चार पेट्या मात्र रंगापूर्वीच कोल्हापूरला पाठवून तेथून ती करून आणणार आहे.