लव्हक्राफ्टच्या कथांमध्ये सगळे पृथ्वीवरच का येतात?

पानगळ:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथा लेखकाचं म्हणणं काय तर विश्व अफाट आहे आणि त्यात माणसाला काडीची किंमत नाही. मान्य. पण मग सगळं इथेच कसं घडतं? त्याच्या परग्रहावरून आलेल्या जिवांचंच बघा, कथुलू हा अक्राळविक्राळ देव झोपलाय आपल्याच पॅसिफिकच्या तळाशी बुडालेल्या शहरात, एल्डर थिंग्जचं शहर अंटार्क्टिकात, मी-गो व्हरमाँटच्या डोंगरात, यिथ लोकांचे अवशेष ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाखाली. एवढ्या दीर्घिका पडल्यात आणि जो तो उठून पृथ्वीवरच येतो? याने पृथ्वी उलट विश्वाच्या मध्यभागी जाऊन बसत नाही का? मला या कथा मनापासून आवडतात म्हणूनच हे खटकतं.

निशाचर:
येतात खरे, पण कोणासाठी येतात ते बघा ना. मी-गो येतात खाणकामाला, त्यांना इथल्या डोंगरातला एक दगड हवाय, आपण मधे लुडबुड केली नाही तर ते आपल्याकडे बघणारसुद्धा नाहीत. आणि 'द कलर आउट ऑफ स्पेस' घ्या. १८८२ साली एका शेतात विहिरीजवळ उल्का पडते, बास. त्या हंगामात बागेत मोठाली तुकतुकीत फळं धरतात, आता चांगले पैसे होणार असं वाटतं आणि चावा घेतला तर कडू. मग झाडं, गुरं, घरातली माणसं सगळी राखाडी पडून ठिसूळ होत जातात आणि शेवटी ती जी काय चीज आहे ती आकाशात निघून जाते. तिला काय हवं होतं ते कोणालाच कळत नाही. मी वाचलेली सगळ्यात भीतीदायक कथा हीच, कारण यात ना सूड ना शाप, त्या कुटुंबाचं काही चुकलेलंच नसतं.

खगोलवेडा:
जागेपेक्षा काळ बघा असं मी म्हणेन. लव्हक्राफ्ट लहानपणापासून खगोलशास्त्राचा वेडा, प्रॉव्हिडन्सच्या पेपरात आकाशदर्शनावर सदर लिहायचा, आणि त्याच्या हयातीतच विश्व भराभर मोठं झालं, आधी शॅपली या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, मग १९२४-२५ च्या सुमारास हबल या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की देवयानी ही वेगळीच दीर्घिका आहे. १९३० मध्ये प्लूटो सापडला आणि लव्हक्राफ्टने लगेच तो मी-गोंचा ग्रह युगॉथ म्हणून कथेत घेतला. आता 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'मधली भिंतीवरची शिल्पं आठवा. पृथ्वीवरची जीवसृष्टी एल्डर थिंग्जनी केलेल्या खटाटोपातून आली आणि माकडासारखा दिसणारा एक प्राणी ते कधी खायला, कधी करमणुकीला वापरायचे. तो म्हणजे आपण! यिथ लोकांना तर हेही माहितीये की माणसानंतर इथे भुंग्यांची जात येणार, तेव्हा यिथ लोकांची मनं त्या भुंग्यांच्या शरीरात जाणार आणि पृथ्वी संपली की बुधावर. पृथ्वी म्हणजे धर्मशाळा, कोण कोण राहून गेलं, आपण आत्ता मुक्कामाला आहोत एवढंच.

कोकणकडा:
बाकी पटलं पण कथुलूचं नाही पटत. तिथे माणसांचा पंथ आहे, तारे जुळले की हे लोक त्याला मोकळं करणार. म्हणजे माणूस लागतोच की! बाकी आपल्याकडे नारायण धारपांच्या भयकथा वाचून आलेल्यांना लव्हक्राफ्ट सुरुवातीला जड जातो असं माझं निरीक्षण आहे. धारपांकडे समर्थ हे पात्र आहे, कितीही अघोरी शक्ती असली तरी तिच्यासमोर उभं राहणारं कोणीतरी आहे, आणि इथे तसं कोणीच येत नाही, वाचक शेवटपर्यंत वाट बघत राहतो.

निशाचर:
समर्थांचा मुद्दा एकदम बरोबर. पण पंथाचं म्हणाल तर आपण लागतो असं तो पंथ म्हणतो, कथेत घडतं वेगळंच. १९२५ मध्ये भूकंप होऊन कथुलूचं ते बुडालेलं शहर वर येतं, पंथाच्या लोकांच्या हातून काही होत नाही, दरवाजा उघडतो तो वाट चुकलेल्या खलाशांच्या हातून, आणि महिन्याभरात शहर परत बुडतं तेही कोणी न बुडवता. त्या खलाशांपैकी जोहान्सन बोट घेऊन सरळ कथुलूच्या डोक्यावर घालतो, डोकं फुटतं आणि लगेच परत जुळायला लागतं. यात माणसाने कमावलं काय?
@पानगळ, 'द शॅडो आउट ऑफ टाइम' वाचली नसेल तर आता तीच घ्या, तुमच्या प्रश्नाला धरून आहे. फक्त शेवट आधी कोणाकडून ऐकू नका.