मोठा सीएनसी राउटर स्वतः बांधतोय: गँट्री, लांब अक्ष आणि रेलची बैठक यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२४४० × १२२० मिमीची अख्खी शीट न कापता टेबलावर बसेल एवढा सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमावर कटर फिरवून कापणारं मशीन) स्वतः बांधायचा घाट घातला आहे. काम मुख्यतः प्लाय आणि एमडीएफचं, थोडं भरीव लाकूड आणि कधीमधी ६ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट. अॅल्युमिनियमला मशीन हळू चाललं तरी हरकत नाही, पण प्लायला ते रांगायला नको. १८,००० आरपीएमला दोन धारांचा कटर, प्रत्येक धारेने ०.२ मिमीचा घास घ्यायचा, म्हणजे मिनिटाला ७.२ मीटर सरकायला हवं. त्याहून फार हळू गेलं की कटर कापायचं सोडून घासत बसतो, तापतो आणि धार जाते.

खालची चौकट १०० × १०० × ५ मिमीच्या चौकोनी पोलादी पाइपची, वेल्ड केलेली. गँट्रीचा, म्हणजे टेबलावरून सरकणाऱ्या कमानीचा, बीमही त्याच पाइपचा, आधारांमधलं अंतर १५०० मिमी. रेल २० मिमीच्या, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) २.२ किलोवॅटचा वॉटर कूल्ड. लांब अक्षाला दोन्ही बाजूंनी एकेक मोटर.

बीमचं गणित करून पाहिलं. कापताना मधोमध २०० न्यूटनचा आडवा जोर आला असं धरलं, तर दोन टोकांवर नुसत्या टेकलेल्या बीमचा वाक साधारण ०.०२५ मिमी येतो. कटरचं टोक बीमच्या मध्यापासून २५० मिमी खाली लोंबतंय, त्यामुळे पीळही पडणार. त्याचे टोकाशी आणखी ०.०१४. एकूण ०.०४ च्या आत. कागदावर हे फारच छान दिसतंय आणि म्हणूनच संशय येतोय, कारण एवढाच किंवा याहून जाड बीम असलेली मशीन्स कापताना थरथरलेली पाहिली आहेत. मग बीम आणखी जाड घ्यावा, की माझ्या गणितातून काही निसटतंय?

दुसरं म्हणजे, लांब अक्षाला २० मिमीचा बॉलस्क्रू (फिरला की त्यावरचा नट सरकवणारा स्क्रू) लावावा असं मनात आहे. रॅक-पिनियनमध्ये (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) प्ले, म्हणजे दातांमधली ढिलाई, असतो म्हणून नको वाटतं. हे बरोबर आहे का?

आणि सर्वांत जास्त अडलंय ते रेलपाशी. पाइप मुळातच सरळ नसतो, त्यात वेल्डिंगने ओढला जातो. एवढी मोठी चौकट मिलिंगला नेणं जमणारं नाही. रेलसाठी सपाट बैठक घरच्या घरी कशी करायची?

प्रतिसाद: स्क्रू बाद करा

२० मिमीच्या स्क्रूचा गाभा साधारण १७.५ मिमीचा असतो. एवढ्या मशीनला तो २८०० मिमी लांब लागेल. एक टोक घट्ट आणि दुसरं नुसतं आधारलेलं धरलं, तर स्क्रू दोरीउड्यांच्या दोरीसारखा फुगायला लागू नये म्हणून त्याला ३४० आरपीएमच्या आसपासच थांबवावं लागतं. ५ मिमी लीडला (लीड म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) हे होतात मिनिटाला १.७ मीटर, १० मिमी लीडला ३.४. तुम्हाला हवेत ७.२. लांबी दुप्पट झाली की ही मर्यादा चौथाईवर येते, म्हणून लहान मशीनवर उत्तम चालणारा स्क्रू इथे उपयोगाचा नाही. स्क्रू स्थिर ठेवून नट फिरवता येतो, पण घरी तो पसारा मी तरी मांडणार नाही.

रॅक घ्या. दीड मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दातांचं माप) सरळ दातांचा रॅक आणि २० दातांचा पिनियन, म्हणजे एका फेऱ्यात ९४.२ मिमी. स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) थेट जोडलात तर फेऱ्याला १६०० मायक्रोस्टेप धरून एक पाऊल जवळपास ०.०६ मिमीचं पडतं, फार ढोबळ. मध्ये टायमिंग बेल्टने १:५ चं रिडक्शन घाला. मग पाऊल ०.०१२ मिमी आणि ७.२ मीटरला मोटर फक्त ३८० आरपीएमवर. या वेगाला स्टेपरमध्ये अजून दम असतो. प्लेचं म्हणाल, तर मोटरची प्लेट एका बोल्टवर झुलती ठेवा आणि स्प्रिंगने पिनियन रॅकवर दाबून धरा.

प्रतिसाद: बीमचं गणित बरोबर आहे, पण जागा चुकीची

तुमचा बीम फारसा वाकणार नाही. थरथर येते ती बीम आणि कटर यांच्या मधल्या मंडळींमुळे: रेलवर सरकणारे ब्लॉक, स्पिंडल वर-खाली नेणारी झेडची प्लेट, गँट्रीच्या बाजूच्या प्लेटा.

एकच उदाहरण. १०० च्या पाइपवर समोरून दोन रेल लावल्यात तर त्यांच्यात ६० मिमी अंतर मिळेल. खालच्या रेलचा ब्लॉक ०.०२ मिमीच हलला, तरी २५० मिमी खाली लोंबणाऱ्या टोकाशी त्याचे ०.०९ होतात. तुमच्या बीमच्या वाक आणि पिळाच्या बेरजेपेक्षा दुप्पट! आता २०० × १०० चा पाइप उभा लावा. रेल एकमेकींपासून १६० मिमी लांब गेल्या, तेच टोक फक्त ०.०४ हलेल. तेव्हा मोठा पाइप जरूर घ्या, पण रेलमधलं अंतर वाढावं म्हणून. वाक कमी होईल तो वरकड फायदा.

रेल पाइपच्या कडेजवळ ठेवा. ५ मिमीची भिंत मधोमध पत्र्यासारखी लवते, कडेला तिला बाजूच्या भिंतीचा आधार असतो. लांब अक्षावर एका बाजूच्या दोन ब्लॉकमध्ये निदान ३०० मिमी अंतर असू द्या.

मशीन उभं राहिलं की स्पिंडल बंद ठेवून आणि गँट्री जागेवर धरलेली असताना एक चाचणी करा. डायल गेज खालच्या चौकटीला पक्का धरून कॉलेटला (कटर पकडणाऱ्या भागाला) ताणकाट्याने ओढा. तोच जोर कायम ठेवून डायलचं टोक क्रमाने बीमवर, ब्लॉकवर, झेडच्या प्लेटवर आणि शेवटी कॉलेटवर लावा. आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथेच पैसे घाला.

प्रतिसाद: रेलसाठी इपॉक्सी ओता

पातळ, सावकाश जमणारं इपॉक्सी. पाइपच्या वरच्या अंगाला दोन्ही कडांना पट्ट्या चिकटवून बांध घालायचा आणि दोन लांब पाइप टोकाला एका अरुंद पन्हळीने जोडायचे. ही पन्हळ विसरू नका. तिच्यामुळेच दोन्हीकडचं इपॉक्सी एका पातळीत येतं, नाहीतर दोन रेल आपापल्या जागी सपाट पण एकमेकींशी वर-खाली. ६ मिमीचा थर धरला तर २८०० मिमीच्या दोन पाइपांना मिळून साडेतीन लिटरच्या आसपास लागेल, पन्हळीचं वेगळं. आधी सगळं वेल्डिंग उरकून घ्या. ओतल्यावर एक टाकाही नको.

धागाकर्ता

मनापासून आभार. बीम २०० × १०० आणि लांब अक्षाला रॅक, हे नक्की केलं. पण दोन सल्ले एकमेकांना छेद देतायत. रेल कडेजवळ हवी, आणि इपॉक्सी बांधाला चिकटून वर चढतं तेही कडेलाच. मग रेल त्या उंचवट्यावर नाही का बसणार?

शिवाय, दोन मोटरींची गँट्री गुण्यात (काटकोनात) आहे हे कसं तपासायचं?

प्रतिसाद: कडेचा उंचवटा

बांधाची पट्टी वर न ठेवता पाइपच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवा, म्हणजे चढलेला काठ अगदी टोकाला जातो. जमल्यावर तो कानशीने उतरवा आणि रेल कडेपासून १० मिमी आत घ्या. वरच्या प्रतिसादातलं ६० आणि १६० चं अंतर तेवढी जागा सोडूनच आलेलं दिसतंय. गँट्रीचा बीम मात्र उताणा झोपवून ओता, दोन्ही रेलची बैठक एकाच ओतात.

प्रतिसाद: स्पिंडलबद्दल, विचारलं नसलं तरी

हे स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम देतात. नवा व्हीएफडी (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारा डबा) ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी सेट केलेला असू शकतो. ते आकडे न बदलता चालू केलात तर स्पिंडल जळेल. आणि कनेक्टरची चौथी पिन आतून बॉडीला जोडलेली आहे का, ते मल्टिमीटरने बघा. बऱ्याचदा नसते. अर्थिंग नीट नसलं की लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचल्याचं सांगणारे) उगाच लागल्यासारखे होतात आणि माणूस सॉफ्टवेअर उचकत बसतो.

प्रतिसाद: गुण्यासाठी कर्ण

दोन्ही बाजूंना वेगवेगळे होम स्विच (अक्षाची सुरुवातीची जागा ओळखणारे) लावा. लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर दोन्ही मोटरींना स्वतंत्रपणे होम करून गँट्री सरळ करतं. मग एका शीटवर २४०० × १२०० च्या चौकोनाची चार भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. १२०० मिमीच्या रुंदीत एक बाजू १ मिमी मागे असेल तर कर्णांत १.८ मिमी फरक दिसतो. तुमच्या दोन बाजू १५०० मिमीवर आहेत, तेव्हा कर्णांतला फरक गुणिले ०.७ एवढा एका बाजूचा होम ऑफसेट बदला. पुन्हा भोकं पाडून मोजा. फरक वाढला असेल तर दिशा उलटी झाली, दुसरीकडे दुप्पट सरकवा.